बारा पेन्सची हजेरी आणि राजद्रोहाचा दोर

एका वाचकाने विचारलं आहे: ‘पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कायद्यात रविवारी चर्चला न जाणाऱ्याला बारा पेन्स दंड होता, असं वाचलं. इतक्या किरकोळ दंडाने लोकांचा धर्म बदलेल असं सरकारला खरंच वाटत होतं का? आणि पुढे जे कॅथलिक फाशी गेले ते धर्मापायी गेले की राजद्रोहापायी? हे कायदे संपले कधी?’

मी आधी अकरा वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली आणि नंतर बरीच वर्षं विधी महाविद्यालयात कायद्याचा इतिहास शिकवला. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि मुलांना एका ओळीत उत्तर हवं असायचं. मी ते द्यायचो, पण मग तासभर त्याचीच उकल करत बसायचो. एका ओळीतलं उत्तर असं: १५५९ च्या कायद्याला माणसाचं मन नको होतं, रविवारी बाकावर त्याचं शरीर हवं होतं; पुढच्या पंचवीस वर्षांत त्या रिकाम्या बाकाचा अर्थ बदलत गेला आणि शेवटी काहींच्या बाबतीत तो राजद्रोहाचा पुरावा ठरू लागला. फाशी कोणत्या कलमाखाली झाली, तर राजद्रोहाच्या. मात्र राजद्रोह कशाला म्हणायचं हेच मधल्या काळात संसदेने बदलून घेतलं होतं.

आता उकल. एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ ला गादीवर आली तेव्हा पंचवीस वर्षांत इंग्लंडचा अधिकृत धर्म तीनदा फिरला होता. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी नातं तोडलं, त्याच्या मुलाने प्रार्थनाच इंग्रजीत आणली, आणि त्याच्या थोरल्या मुलीने, मेरीने, सगळं पुन्हा रोमकडे नेलं. तिच्या पाच वर्षांत अडीचशेहून जास्त प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले. तेव्हा १५५९ साली चाळिशीतल्या कुठल्याही गावकऱ्याने एकाच देवळात, एकाच वेदीसमोर, तीन तऱ्हांची उपासना पाहिलेली होती. ‘आता ही राहील’ यावर त्याने विश्वास का ठेवावा? बराच काळ त्याने ठेवलाही नाही. वेदीवरची भांडी आणि जुनी वस्त्रं लोकांनी पेटाऱ्यात घालून ठेवली, पुन्हा लागली तर असावीत म्हणून.

त्या वर्षी दोन कायदे झाले. पहिला श्रेष्ठत्वाचा. हेन्रीने स्वतःला चर्चचा ‘सर्वोच्च मस्तक’ म्हणवून घेतलं होतं. एलिझाबेथने ‘सर्वोच्च अधिपती’ हा जरा मऊ शब्द घेतला, कारण बाईला चर्चचं मस्तक म्हणणं प्रोटेस्टंटांनाही जड जात होतं. या कायद्याखालची शपथ धर्मगुरूंना, न्यायाधीशांना, राणीच्या नोकरांना आणि विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांना होती. शपथ नाकारली तर पद जायचं. पण बाहेरच्या कुणाची, म्हणजे पोपची, सत्ता तोंडाने किंवा लेखणीने उचलून धरली, तर पहिल्या वेळी चीजवस्तू जप्त, दुसऱ्या वेळी सगळी मालमत्ता जाऊन बेमुदत कैद, तिसऱ्या वेळी देहदंड. ही तीन पायऱ्यांची शिडी नीट पाहून ठेवा. शेवटची पायरी दोराची, पण तिथवर जायला माणसाने हट्टच धरायला हवा, अशी ती रचना होती.

दुसरा कायदा एकरूपतेचा. लॉर्डांच्या सभागृहात तो अवघ्या तीन मतांनी निभावला आणि एकाही बिशपने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. २४ जून १५५९ पासून देशातल्या प्रत्येक चर्चमध्ये एकाच छापील प्रार्थनापुस्तकाने उपासना व्हायची होती. पाद्र्याने दुसरी पद्धत वापरली तर पहिल्यांदा वर्षाचं उत्पन्न आणि सहा महिने कैद, दुसऱ्यांदा वर्षभर कैद आणि पद गेलं, तिसऱ्यांदा जन्मठेप. त्या पुस्तकाची टिंगल करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला शंभर मार्क दंड; मार्क म्हणजे पौंडाचा दोनतृतीयांश. आणि सामान्य माणसाने रविवारी व सणाच्या दिवशी आपल्या गावच्या चर्चमध्ये हजर राहायचं, नाही तर दर वेळी बारा पेन्स. तुम्ही विचारलेलं कलम ते हेच.

बारा पेन्स किरकोळ, हे मात्र मला मान्य नाही. शेतमजुराला तेव्हा दिवसाला सहा-आठ पेन्स मिळत, म्हणजे एका चुकलेल्या रविवारला जवळपास दोन दिवसांची मजुरी. घरात चार मोठी माणसं गैरहजर, तर आठवड्याची कमाई गेली. जमीनदाराला त्याचं काही वाटलं नसतं, हे खरं. हा दंड गरिबाला टोचेल आणि श्रीमंताला कळणारही नाही असा होता, आणि १५५९ साली तेवढं पुरेसं आहे असं सरकारला वाटलं असावं.

खरी गोष्ट वसुलीची. वकिली केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: हुकूमनामा हातात पडला की अशील पेढे वाटतो आणि मग दरखास्तीत त्याची वर्षं जातात. बारा पेन्स गोळा करायचे होते चर्चच्या पंचांनी, आणि ते पैसे त्याच गावच्या गरिबांना जायचे होते. हे पंच म्हणजे सरकारी शिपाई नव्हते. दरवर्षी गावातूनच निवडले जाणारे, बिनपगारी, कुणी शेतकरी, कुणी लोहार. ज्याची गैरहजेरी नोंदवायची तो यांचा शेजारी, सोयरा, कधी सावकार, कधी जमिनीचा मालक. वर्षातून एकदोनदा वरचा धर्माधिकारी पाहणीला आला की पंचांनी गावातले दोष लिहून द्यायचे. त्यावर कित्येक गावांची उत्तरं दोन लॅटिन शब्दांची असत: ‘ओम्निया बेने’, सगळं ठीक आहे. आपल्याकडे वरून तपासणी आली की गाव जसं एका रात्रीत हागणदारीमुक्त होतं, त्याच जातीचं हे उत्तर.

उलटंही घडे. ज्याचं नाव यादीत आलं तो धर्मासाठीच घरी बसला होता असंही नाही. स्ट्रॅटफर्डमध्ये १५९२ साली चर्चला न येणाऱ्यांची यादी झाली. तीत नाटककार शेक्सपिअरचे वडील जॉन यांचं नाव आहे, आणि त्यांच्यासह नऊ जणांपुढे शेरा आहे की कर्जाच्या दाव्याचा समन्स अंगावर येईल या भीतीने हे येत नाहीत. चर्च ही माणूस हमखास सापडण्याची जागा, तेव्हा ऋणको तिथे कशाला जाईल? यावरून जॉन छुपे कॅथलिक होते की खरोखरच कर्जबाजारी, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझा कल कर्जाकडे आहे, पण तो जुन्या वकिलाचा कल आहे हे लक्षात घ्या.

पहिली दहा वर्षं अशीच ढिली गेली आणि ती ढिलाई ठरवून होती. बिशपांपैकी जवळजवळ सगळ्यांनी शपथ नाकारली आणि पदं गमावली. गावोगावच्या हजारो पाद्र्यांपैकी बहुतेकांनी मात्र मान खाली घालून सही केली. १५६३ मध्ये संसदेने शपथेची व्याप्ती शाळामास्तर, वकील आणि खासदारांपर्यंत वाढवली, आणि दुसऱ्यांदा नकार देणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. कागदावर हे भयंकर होतं. पण कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी बिशपांना कळवलं की माझ्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा शपथ विचारायची नाही. दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर दुसरा नकार येतो कुठून? कायदा तसाच ठेवून त्याचा दात काढण्याची याहून सुबक तऱ्हा मी क्वचितच पाहिली आहे. ती पार्करची एकट्याची नव्हती. राणीची इच्छा त्यामागे होती.

‘माणसाच्या काळजाला खिडक्या पाडून आत डोकावायचं नाही’ हे धोरण एलिझाबेथच्या नावावर खपवलं जातं. शब्द तिचे नाहीत, ते फ्रान्सिस बेकनने तिच्याबद्दल नंतर लिहिले. पण तिच्या वागण्याशी ते जुळतात, आणि याचा मला सर्वांत पटलेला पुरावा १५७१ चा आहे. त्या वर्षी संसदेने विधेयक मंजूर केलं की नुसती हजेरी पुरे नाही, वर्षातून ठरावीक वेळा प्रभुभोजनाचा प्रसादही घेतलाच पाहिजे. दोन्ही सभागृहांनी ते केलं, बिशपांना ते हवं होतं, आणि राणीने ते अडवलं. बाकावर बसणं हे प्रजेचं कर्तव्य, पण प्रसाद तोंडात घालणं हा श्रद्धेचा उच्चार, आणि तो कायद्याने काढून घ्यायला ती राजी नव्हती. यातूनच एक वर्ग तयार झाला, ज्याला लोक कुत्सितपणे ‘चर्च-पेपिस्ट’ म्हणत: मनाने पोपचे, रविवारी बाकावर हजर, प्रवचन चालू असता जपमाळ ओढणारे आणि प्रसादाच्या दिवशी पोटदुखीने घरी राहणारे. कायद्याच्या लेखी हे लोक निर्दोष होते. रोमच्या लेखी पापी.

मग बिघडलं कुठे? १५६९ च्या नोव्हेंबरात उत्तरेकडच्या दोन सरदारांनी बंड केलं, डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये इंग्रजी बायबल फाडून जुना मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची लॅटिन उपासना, म्हटला. बंड मोडलं. पण फेब्रुवारी १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने जे फर्मान काढलं त्याने सगळा हिशोब उलटवला. एलिझाबेथ पाखंडी आहे, तिचा राज्यावर हक्क नाही, तिची आज्ञा पाळण्याच्या शपथेतून प्रजा मोकळी आहे, आणि तिची आज्ञा पाळणारा बहिष्कृत आहे. बंड संपून गेल्यावर हे आलं. राजकारण म्हणून इतकं अवेळी पाऊल विरळा. मे महिन्यात जॉन फेल्टनने ते फर्मान लंडनच्या बिशपच्या वाड्याच्या दाराला ठोकलं आणि ऑगस्टमध्ये तो फाशी गेला.

इथे वकिलाच्या नजरेने पाहा. तोवर ‘मी चर्चला येणार नाही’ याचा अर्थ होता, मला ही उपासना पटत नाही. फर्मानानंतर त्याच वाक्यामागे दुसरं वाक्य ऐकू येऊ लागलं: माझ्या मते ही राणीच नाही. म्हणणाऱ्याच्या मनात ते असो नसो, ऐकणाऱ्या मंत्र्याच्या कानात ते होतं. १५७१ मध्ये लगेच दोन कायदे आले. राणीला पाखंडी किंवा बळकावून बसलेली म्हणणं राजद्रोह; पोपची फर्मानं देशात आणणं, वापरणं राजद्रोह.

त्या दुसऱ्या कायद्याचा पहिला बळी कथबर्ट मेन. फ्रान्सच्या उत्तर सीमेवर दुए इथे विल्यम ॲलनने १५६८ मध्ये इंग्रज कॅथलिकांसाठी पाद्री घडवणारं विद्यालय काढलं होतं आणि १५७४ पासून तिथले तरुण पाद्री वेषांतर करून इंग्लंडात येत होते. मेन कॉर्नवॉलमध्ये एका जमीनदाराचा कारभारी म्हणून राहत होता. त्याच्याजवळ सापडलं काय, तर १५७५ च्या रोमन उत्सववर्षानिमित्त पोपने काढलेल्या पापमुक्तीच्या फर्मानाची छापील प्रत. तिची मुदतही संपलेली होती. मुदत संपलेल्या कागदाने राणीचं काय बिघडतं, असा मुद्दा निघाला आणि न्यायाधीशांतही दुमत झालं, तरी नोव्हेंबर १५७७ मध्ये लॉन्सेस्टनला त्याला फाशी देऊन देहाचे तुकडे केले. आश्रय देणाऱ्या फ्रान्सिस ट्रेजियनची मालमत्ता गेली आणि त्याने पुढची अनेक वर्षं तुरुंगात काढली.

१५८० मध्ये एडमंड कॅम्पियन आणि रॉबर्ट पर्सन्स हे दोन जेझुइट, म्हणजे पोपनिष्ठ येशूसंघाचे पाद्री, इंग्लंडात उतरले. आता संसद खवळली, आणि १५८१ चा कायदा आला. तुमच्या बारा पेन्सचं काय झालं ते इथे बघा. सोळा वर्षांवरच्या व्यक्तीने चर्चला जायला नकार दिला तर दर महिन्याला वीस पौंड. आणि महिना कोणता? अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा महिने, म्हणजे २६० पौंड. जुन्या दराने बावन्न रविवारांचे होत होते दोन पौंड बारा शिलिंग. मी वर्गात फळ्यावर हा गुणाकार करून दाखवायचो: बरोबर शंभर पट. दिवसाला आठ पेन्स कमावणाऱ्याची ती दोन वर्षांची मजुरी, एका महिन्याला. तेव्हा हा दंड मजुरासाठी नव्हताच. निशाणा होता जमीनदारावर, ज्याच्या वाड्यात पाद्री लपायचा, ज्याचे कुळवाडी त्याच्याकडे बघून चर्चला जायचे किंवा राहायचे. मिस्सा म्हणणाऱ्याला दोनशे मार्क आणि वर्षभर कैद, ऐकणाऱ्याला शंभर मार्क आणि तेवढीच कैद. आणि कुणाला राणीच्या आज्ञेतून काढून रोमकडे वळवणं हा सरळ राजद्रोह.

नकार देणाऱ्यांना ‘रेक्युझंट’ म्हणत, लॅटिनमधल्या नकाराच्या शब्दावरून. वसूल झालेल्या दंडाचे तीन हिस्से: एक राणीला, एक गावच्या गरिबांना, आणि एक दावा लावणाऱ्याला. हा तिसरा हिस्सा म्हणजे खबऱ्यांना दिलेली उघड दलाली. शेजारधर्माने ‘सगळं ठीक’ लिहिणारे पंच बाजूला पडले आणि पैशासाठी दारं वाजवणारे पुढे आले. तरीही पूर्ण वीस पौंड नियमित भरणारे मोजकेच निघाले. बाकीच्यांची तेवढी ऐपत नव्हती किंवा जमीन आधीच दुसऱ्याच्या नावे केलेली होती. बेनामी व्यवहार आपल्याच मातीत उगवतो असं मानणाऱ्यांनी ही कागदपत्रं वाचावीत. म्हणून १५८७ मध्ये दुरुस्ती आली: दंड थकला की जमिनीचा दोनतृतीयांश भाग राणीकडे, आणि एकदा दोषी ठरल्यावर दर महिन्याला नवा खटला नको, चर्चला परत येईपर्यंत मीटर चालू. १५९२ पासून खजिन्याला या वसुलीच्या हिशोबासाठी वेगळ्या कागदांच्या गुंडाळ्या ठेवाव्या लागल्या.

भरणाऱ्यांतलं ठळक नाव नॉर्दॅम्प्टनशायरच्या सर थॉमस ट्रेशम यांचं. कॅम्पियनला थारा दिल्यावरून १५८१ मध्ये ते तुरुंगात गेले आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी जवळजवळ आठ हजार पौंड मोजले. मधे सुटून आल्यावर रश्टनला त्यांनी एक छोटी इमारत बांधली, १५९३ ते १५९७ दरम्यान: तीन भिंती, तीन मजले, जिकडेतिकडे तीनाचा आकडा. त्रैक्याची, म्हणजे एकच देव तीन रूपांत, ही श्रद्धा त्यांनी दगडात लिहून ठेवली. इमारत बांधायला तर बंदी नव्हती! ती अजून उभी आहे.

आता बायकांबद्दल, कारण पाठ्यपुस्तकं हे एका वाक्यात उरकतात आणि मला तर या सगळ्या कायद्याची खरी परीक्षा इथेच झालेली दिसते. इंग्लिश कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीच्या नावे स्वतःची मालमत्ता नसे. जे काही ते नवऱ्याचं. मग नवरा रविवारी निमूट चर्चला जातो आणि बायको घरी राहते, तर दंड वसूल कोणाकडून करायचा? नवरा निर्दोष, बायको कफल्लक. कित्येक घरांनी ही फट ओळखून कामं वाटून घेतली. नवऱ्याने घरदार आणि पद सांभाळायचं, बायकोने पाद्र्याला लपवायचं, मुलांना जुनी प्रार्थना शिकवायची. कुटुंबाचा धर्म चुलीपाशी टिकला तो कायद्यातल्या या उणिवेमुळे. संसदेत यावर डोकेफोड झाली, पण कुणाच्या तरी सभ्य, हजेरी लावणाऱ्या नवऱ्याला बायकोपायी लुटायला खासदार नाखूश होते; त्यांच्यातल्या काहींच्या घरीही तेच चाललेलं असणार. विवाहितेला कैद, नाही तर नवऱ्याने महिन्याला दहा पौंड भरायचे, ही तरतूद यायला १६१० साल उजाडलं, तेव्हा एलिझाबेथ जाऊन सात वर्षं झाली होती.

यॉर्कची मार्गारेट क्लिदरो अशाच घरातली. नवरा जॉन खाटीक, प्रतिष्ठित, चर्चला जाणारा आणि बायकोचे दंड भरणारा. ती गैरहजेरीवरून अनेकदा तुरुंगात गेली; वाचायलाही ती तुरुंगातच शिकली. मार्च १५८६ मध्ये घरावर धाड पडली, घाबरलेल्या एका लहान मुलाने पाद्र्याची लपण्याची खोली दाखवली, आणि तिच्यावर नव्या कायद्याखाली पाद्र्याला आसरा दिल्याचा आरोप आला. शिक्षा मृत्यूची. न्यायालयाने विचारलं, गुन्हा कबूल आहे की नाही? तिने उत्तरच दिलं नाही. तेव्हाच्या कायद्यात आरोपीने कबूल-नाकबूल म्हटल्याशिवाय ज्युरीसमोर खटला उभाच राहत नसे. खटला उभा राहिला असता तर तिच्या पोटच्या मुलांना आईविरुद्ध साक्षीला उभं केलं असतं. गप्प राहणाऱ्यासाठी कायद्यात एकच वाट होती: अंगावर ओझं टाकत दाबणं. २५ मार्च १५८६ ला तिच्याच घराचं दार तिच्या अंगावर ठेवून वर दगड रचले. पंधरा-वीस मिनिटांत ती गेली. तांत्रिकदृष्ट्या तिच्यावर गुन्हा कधी शाबीतच झाला नाही. हे सांगताना माझा आवाज दरवर्षी बसायचा.

तो ‘नवा कायदा’ म्हणजे १५८५ चा. १५५९ च्या २४ जूननंतर परदेशात दीक्षा घेतलेल्या प्रत्येक इंग्रज पाद्र्याने आणि जेझुइटाने चाळीस दिवसांत देश सोडायचा. नंतर सापडला तर तो राजद्रोही आणि त्याला घरात घेणारा देहदंडाला पात्र. आता पुरावा काय लागायचा? कट नको, शस्त्र नको, पत्र नको. तू पाद्री आहेस का आणि इंग्लंडात उभा आहेस का, एवढंच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या कलमात आहे. १५८१ च्या डिसेंबरात कॅम्पियन फाशी गेला तेव्हा सरकारने मुद्दाम त्या वर्षीचा नवा धर्मविषयक कायदा वापरला नव्हता; १३५२ चा, तिसऱ्या एडवर्डचा जुना राजद्रोहाचा कायदा काढला आणि रोम व फ्रान्समधल्या ऱ्हेम्स इथे राणीच्या खुनाचा कट केल्याचा आरोप लावला. पुरावा फुसका होता, पण धर्मासाठी मारलं असं दिसू नये ही धडपड होती. मंत्री बर्लीने १५८३ मध्ये पुस्तिकाच छापली की आम्ही कुणाला श्रद्धेसाठी मारत नाही. दोन वर्षांत तेवढी धडपडही उरली नाही.

बर्लीची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगतो. १५८० मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने खुलासा केला होता की सध्याच्या परिस्थितीत कॅथलिकांनी राणीची आज्ञा पाळली तर चालेल. ‘सध्याच्या परिस्थितीत’ हे शब्द कुठल्याही वकिलाचे कान टवकारतील. परिस्थिती बदलली, स्पेनचं आरमार आलं, की मग काय? म्हणून पकडलेल्या पाद्र्यांना एक प्रश्न विचारला जायचा: पोपच्या हुकमाने सैन्य उतरलं तर तू कुणाच्या बाजूने लढशील? कॅथलिक त्याला रक्तपिपासू प्रश्न म्हणत. काहींनी राणीच्या बाजूने सांगितलं, बरेच जण टोलवाटोलवी करत, आणि ती टोलवाटोलवीच कबुली धरली जायची. न केलेल्या गुन्ह्याबद्दल भविष्यातला जबाब घेणं हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वाईट काम. दंड, जप्ती त्यापुढे काहीच नाही. एलिझाबेथच्या काळात मारले गेलेले कॅथलिक दोनशेच्या आसपास, त्यांत बहुसंख्य पाद्री.

या १५८५ च्या कायद्याच्या तडाख्यात सापडू शकला असता असा एक माणूस आपल्या अगदी ओळखीचा आहे. विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स. थॉमस पाउंड नावाच्या कॅथलिक मित्राबरोबर त्याचा नोकर बनून तो इंग्लंडात फिरत होता; पाउंड पकडला गेला आणि त्याची पुढची तीसेक वर्षं तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटून रोमला पोचला, १५७५ मध्ये जेझुइट झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला. पुढे तिथल्याच सासष्टीत राहून त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, जे १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. १५८५ नंतर हाच माणूस डोव्हरच्या धक्क्यावर उतरला असता तर केवळ उतरण्याबद्दल फाशी गेला असता. गंमत अशी की १५८३ मध्ये न्यूबेरी, फिच वगैरे प्रोटेस्टंट इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात पडले तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावला तो हाच स्टीफन्स. आणि ज्या गोव्यात त्याला आसरा मिळाला तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलेलं होतं. तिथल्या सक्तीची कथा वेगळी, आणि कितीतरी अधिक मराठी-कोंकणी घरांची.

दुसऱ्या टोकाचे प्रोटेस्टंटही सुटले नाहीत, ते थोडक्यात सांगतो. बिशपच नकोत, स्वतंत्र मंडळी हवीत, म्हणणारे बॅरो आणि ग्रीनवुड एप्रिल १५९३ मध्ये फाशी गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने चोरून सभा भरवणाऱ्याला कैद, तीन महिन्यांत वाकला नाही तर देशत्याग, परत आला तर मृत्यू. जोडीच्या कायद्याने कॅथलिकांना घरापासून पाच मैलांच्या आत बांधून टाकलं.

शेवटचा प्रश्न, संपले कधी. एका दिवशी नाही. १६८९ मध्ये चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना मोकळीक मिळाली, कॅथलिकांना राजनिष्ठेच्या शपथेच्या अटीवर १७७८ आणि १७९१ मध्ये थोडी थोडी, आणि संसदेचं दार १८२९ मध्ये उघडलं. पण राज्याबाहेर हिशोब आधीच वेगळा मांडला जात होता. १६६१ च्या पोर्तुगालशी झालेल्या विवाहतहात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली तेव्हा तिथल्या कॅथलिकांना उपासनेची मोकळीक लिहून दिलेली होती. त्याच चार्ल्सच्या १६६४ च्या कायद्याने इंग्लंडात घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त माणसं परक्या पद्धतीच्या प्रार्थनेला जमली तर शिक्षा होती, आणि त्याच्याच मुंबईत माहीम-माझगावच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होता. पुढे १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना घालवून त्यांच्या जागी कार्मेलाइट संघाचे कॅथलिक पाद्री आणले, तेव्हाही मिस्साला हरकत नव्हती. हरकत होती ती पाद्र्याने गोव्याच्या आर्चबिशपचा हुकूम मानण्याला.